मंगला चुरीचं छप्पर

मंगला चुरी स्वयंपाकघरात पडली तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. मी समोरच माझ्या ओटीवर चिंचा फोडत बसले होते. तिच्या घरातून पातेलं आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिच्या मुलीनं, रूपलनं, मला हाक मारली. आत गेले तर मंगला कट्ट्याला पाठ टेकून बसल्यासारखी पडलेली. अंग असं तापलेलं की मी हात लावला आणि मागे घेतला. घाम मात्र टिपूसभर नाही.

रिक्षात घालून तिला बोईसरला नेलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, ओल्या चादरीत गुंडाळलं आणि विचारलं, "उन्हात काम करत होत्या का?"

"नाय, घरातच होती," मी म्हटलं.

"घर कसलं आहे?"

"पुढं कौलं. मागं पत्रे हायेत."

डॉक्टरांनी कागदावर उष्माघात असं लिहिलं. मंगला डोळे मिटून पडली होती, पण ऐकत होती. नंतर तिनंच मला सांगितलं. म्हणाली, "त्या खाटेवरच मी ठरवलं. आता हे पत्रे तरी ऱ्हातील, नायतर मी तरी."

ही दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलातली गोष्ट.

घिवलीत मंगलाचं घर म्हणजे एका मोठ्या कौलारू घराचा उजवा अर्धा भाग. तिच्या सासऱ्यांनी बांधलं तेव्हा ते एकच होतं. मुलगे दोन, म्हणून मधोमध भिंत उभी राहिली. डावा भाग थोरल्याचा, धर्माजी चुरींचा. त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी आपल्या वाट्याची कौलं उतरवून वर स्लॅब टाकला. धाकटा म्हणजे मंगलाचा नवरा. तो काविळीनं गेला, आणि त्याच पावसात मागच्या पाख्याची, म्हणजे मागच्या उताराची, कौलं खचून स्वयंपाकघरात आली. तेव्हा धर्माजींनी माणसं आणून तिथं पत्रे ठोकून दिले. "तात्पुरते हायेत," असं म्हणाले होते. ते अकरा वर्षं राहिले.

मंगला वेळ घालवत बसणारी बाई नव्हे. नवरा गेल्यावर तीन महिन्यांतच ती तारापूर एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये कामाला लागली, आणि अजूनही तिथंच आहे. तिथं गाद्या शिवतात. झोपायच्या नव्हेत. दगड वितळवून त्याचा लोकरीसारखा कापूस काढतात, त्याला वुल म्हणतात. त्याचा थर अंथरून दोन्ही बाजूंनी तारेची जाळी लावायची आणि दाभणानं तारेचेच टाके घालायचे. या गाद्या कारखान्यांतल्या बॉयलरला, वाफेच्या पाइपांना गुंडाळतात, म्हणजे आतली उष्णता आत राहते आणि जवळून जाणारा माणूस भाजत नाही. मंगला शिवायचीही आणि साइटवर जाऊन बांधायचीही. वुलचे बारीक तंतू अंगात शिरून खाज सुटते, म्हणून साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे आणि तोंडाला फडकं. अशी ती रोज संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरायची तेव्हा आळीतली पोरं हसायची. ती लक्ष द्यायची नाही.

हॉस्पिटलातून आल्यावर तिसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि सुपरवायझर मेहुलकडून तापमान मोजायची गन एका दिवसासाठी मागून घेऊन आली. पिस्तुलासारखी असते. समोर धरली की आकडा दिसतो. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. भर दुपारी तिनं स्वयंपाकघरात उभी राहून ती पत्र्यावर रोखली. एकसष्ट. पुढच्या खोलीत कौलांवर रोखली. शेचाळीस. संध्याकाळी दिवे लागल्यावर ती जावेकडे, जमनावहिनींकडे, विरजण मागायला म्हणून गेली आणि त्यांच्या स्लॅबवर रोखली. सूर्य बुडून तास झाला होता तरी बेचाळीस. तिन्ही आकडे तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवले.

मला म्हणाली, "परक्याच्या पाइपाला मी रोज मढवते, नि माझ्याच घराचं डोकं उघडं. अकरा वर्षं मला हे सुचलं नाय याचाच राग येतो."

दिवाळी झाल्यावर ती धर्माजींशी बोलायला गेली. मला मुद्दाम बरोबर नेलं. धर्माजी म्हणजे आमच्या आळीतला वडीलधारा माणूस. चिकूची मोठी वाडी, देवळाच्या कमिटीत पुढे, आणि कुणाच्याही लग्नात पहिली अक्षता त्यांच्या हातची. मंगला लग्न होऊन आल्यापासून त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू न देता, खाली मान घालून बोलायची. त्यांचा मुलगा प्रीतम घरं बांधायची कंत्राटं घेतो. तोही ओटीवर बसला होता.

"बस," धर्माजी म्हणाले. "प्रीतमनं तुझ्या घराचा नकाशाबी काढून ठेवलाय. जुनं सगळं पाडू, स्लॅब टाकू. वर एक खोली निघंल."

"मला स्लॅब नको, भावजी. मी पत्रे काढून कौलंच घालणार हाय. सगळं छप्पर उतरवून नवीन वासे, नि कौलांच्या खाली वुलची गादी."

प्रीतम हसला. "काकी, लोकं कौलं काढून टाकतायत, नि तुमी घालताय? उद्या रूपलला बघायला पाव्हणे येतील. कौलं बघून रस्त्यावरूनच परत जातील."

"जे कौलं बघून परत जातील त्यांना आत बोलवायचंच कशाला?" मंगला म्हणाली. "नि तुमचा स्लॅब मी गन लावून बघितलाय. दिवे लागल्यावर बेचाळीस. मे महिन्यात तुमी सगळी गच्चीवर झोपता, ते काय हौसेनं?"

प्रीतमचं हसू गेलं. धर्माजींनी त्याला हातानं गप्प केलं आणि सावकाश म्हणाले, "आपल्या घरात बायकांनी बांधकामाच्या गोष्टी केल्या नाय आजवर."

"मंग आपल्या घरातल्या बायका पत्र्याखाली मरायला टेकतात, तेबी बघा ना."

मी मंगलाकडे बघतच राहिले. तिचा पदर डोक्यावर होता, पण मान वर होती. धर्माजी उठले. "घाल कौलं," ते म्हणाले. "पण या गावातला एक सुतार तुझ्या दारात येतो का बघ."

आला नाही. जे तीन सुतार होते ते वर्षभर प्रीतमच्याच कामावर असायचे. एकाचा गुडघा दुखत होता, एकाच्या मेव्हण्याचं लग्न होतं, तिसऱ्यानं खरं सांगितलं, "मावशी, मला इथंच पोट भरायचंय." मी मंगलाला म्हटलं, "कशाला वाकड्यात शिरतेस? स्लॅब तर स्लॅब. पंखा लाव, झोप." खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ती हट्टीच वाटत होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुला सावली हाय गं. तुझ्या घरावर आंबा हाय."

तिच्या शेडमध्ये भावना नावाची एक मुलगी होती, बोईसरच्या पूर्वेला डोंगरातल्या पाड्यावरची. तिनं आपल्या काकाचं नाव सुचवलं. जिवल्या. पन्नाशी उलटलेला, अंगानं काटक, पाड्यावरची निम्मी घरं त्यानं शाकारलेली. पण आता तिकडेही सगळे पत्रेच घालत होते, त्यामुळे भात झोडून झालं की तो आणि त्याची बायको ठकी वसईकडे मजुरीला जायची. मंगला रविवारी भावनाबरोबर पाड्यावर गेली आणि त्याला म्हणाली, "जिवल्यादादा, या वर्षी वसईला जाऊ नका. माझ्याकडे या."

तो घर बघायला आला. घराभोवती दोन फेऱ्या मारल्या, शिडीवर चढून कौलांवर नखानं टिचक्या मारल्या, वाशांना कोयतीचं टोक टोचून बघितलं. खाली आल्यावर म्हणाला, "लाकूड सागाचं हाय, बाय. निम्मे वासे आजून तीस वर्षं जातील. पण ती गादी मला पटत नाय."

"का?"

"कौल पाणी पितं. पावसात ओलं, उन्हात सुकं. खालून वारा लागतो म्हणून लाकूड टिकतं. तू खाली गादी चिकटवलीस तर वारा कुठून फिरंल? पाच वर्षांत सगळं कुजून खाली येईल."

 पाइपाला गादी बांधताना मंगलाला हा प्रश्न कधी पडला नव्हता. पाइप आतून तापतो, छप्पर वरून तापतं आणि वरूनच भिजतं. दोन दिवस ती त्याच विचारात होती. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या ओटीवर खडूनं रेघा मारल्या आणि जिवल्याला फोन लावला. वाशांवर पातळ फळ्या. फळ्यांवर वुलच्या गाद्या. गाद्यांवर चंदेरी फॉइल, म्हणजे ऊन परत फिरेल आणि एखादं कौल गळलंच तर पाणी फॉइलवरून घरंगळून जाईल. मग चार बोटं मोकळी जागा, आणि त्याच्या वर रिपा, म्हणजे कौलं टेकायच्या लाकडी पट्ट्या, आणि कौलं. खाली वळचणीशी ती जागा उघडी, वर आढ्याशीही उघडी, दोन्हीकडे उंदीर-खारी शिरू नयेत म्हणून जाळी. गरम वारा खालून शिरेल आणि वरून निघून जाईल.

जिवल्यानं सगळं ऐकून घेतलं. "हां," तो म्हणाला. "आता त्याला नाक फुटलं. येतो मी."

आमच्याकडे छप्पर उघडायचं ते एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या तोंडावर. मंगलानं जानेवारी धरला. लोक म्हणाले, "थंडीत कोण छप्पर उघडतं?" तिचं उत्तर तयार होतं. पावसाच्या भीतीनं घाई करायची म्हणजे काम वाईट होतं, आणि तिला काम वाईट नको होतं. नोव्हेंबरपासून ती रोज कामावरून आल्यावर ओटीवर गाद्या शिवत बसायची. वुल तिनं शेडमधूनच विकत घेतलं होतं. रूपल कॉलेजमधून आली की जाळी कापून द्यायची. चव्वेचाळीस गाद्या झाल्या. त्या पावसाळी कापडात बांधून माझ्या पडवीत रचून ठेवल्या, आणि महिनाभर माझी मांजर त्यांच्यावर झोपली.

जुनी कौलं मात्र पुरणार नव्हती. मागच्या पाख्यासाठी सहाशे तरी हवी होती. तशी जुन्या साच्याची कौलं आता कोण विकतं? तेवढ्यात रूपलनं बातमी आणली की सरावलीला कामगारांची एक जुनी कौलारू चाळ पाडतायत, आणि पाडायचं कंत्राट प्रीतमकडेच आहे. मंगलानं आधी चाळीच्या मालकाला गाठलं. तो म्हणाला, "न्या हवी तेवढी, मला भरणीलाच टाकायचीत." दुसऱ्या दिवशी ती टेम्पो घेऊन सरावलीत हजर. जिवल्या आणि ठकी बरोबर, आणि मीही, कारण तोपर्यंत मलाही बघायची ओढ लागली होती.

प्रीतम तिथंच होता. "काकी, हे काय नवीन?"

"तुझी माणसं फोडतायत, ती मी उचलते. मालकाला विचारलंय."

"चारचौघांत माझी अब्रू काढायला आलात होय?"

"तुझी अब्रू या कौलांत हाय काय? मंग फोडतोस कशाला?"

तो जीपमध्ये बसून निघून गेला. त्याचे बिहारी मजूर आधी नुसते बघत होते. मंगला आणि ठकी प्रत्येक कौल उचलून बोटाच्या पेरानं वाजवायच्या. टणकन वाजलं तर टेम्पोत, बद्द आवाज आला तर परत ढिगात. थोड्या वेळानं त्यांच्यातला एक जण पुढे आला आणि म्हणाला, "दीदी, ऐसे नहीं, ऊपर वाली हम उतार के देते हैं. नीचे की सब फूटी है." मग दोघे वरून हळूच उतरवून द्यायला लागले. साडेसहाशे कौलं मिळाली, आणि एक सागाचा खांबही. तो खांब जिवल्याला आवडला म्हणून उचलला. त्याचं काय करायचं ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

काम सुरू झालं त्या सकाळी मंगलानं जिवल्याला सांगितलं, "पहिला पत्रा मी काढणार." शिडीवर चढली, गंजलेले बोल्ट पान्यानं पिळून काढले आणि पत्रा अंगणात ढकलून दिला. आवाज असा झाला की समुद्राकडच्या माडांतले कावळे उठले. "अकरा वर्षं," एवढंच ती वरून म्हणाली आणि दुसऱ्या पत्र्याला हात घातला. त्या दिवसापासून ती आणि रूपल माझ्याकडे झोपायला यायच्या.

तिसऱ्या दिवशी अडलं. कौलं उतरली होती, खराब वासे काढले होते, आणि घराच्या मध्यावरचं आढं, म्हणजे सगळं छप्पर ज्याच्यावर टेकतं ते मोठं आडवं लाकूड, उघडं पडलं होतं. त्याचं एक टोक मधल्या भिंतीत शिरलेलं. जिवल्या भिंतीवर बसून ते टोक मोकळं करायला लागला, तोच धर्माजी त्यांच्या अंगणातून ओरडले.

"उतर खाली! त्या भिंतीला हात लावायचा नाय. भिंत माझ्या हिश्श्यात हाय."

जिवल्यानं छिन्नी खाली ठेवली. तो बाहेरगावचा माणूस. भावकीच्या भांडणात पहिला मार मजुराला बसतो हे त्याला ठाऊक होतं. शिडी उतरून तो माझ्या आंब्याखाली ठकीशेजारी जाऊन बसला. "बाय, हे तुमच्या घरातलं हाय," तो मंगलाला म्हणाला. "तुमी मिटवा. मी बसतो."

घर उघडं पडलेलं. आळी गोळा झालेली. प्रीतमही येऊन बापामागे उभा राहिला. मला वाटलं, आता मंगला रडेल किंवा पाया पडेल. तिनं डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला आणि शिडी चढून सरळ त्या भिंतीवर जाऊन बसली. आढ्याचं टोक जिथं भिंतीत शिरत होतं तिथं तिनं छिन्नी खुपसली. लाकूड विटांसारखं घट्ट असायला हवं होतं. छिन्नी मुठीपर्यंत आत गेली. तिनं हात घालून ओंजळभर माती बाहेर काढली. वाळवीची माती. ती तिनं धर्माजींच्या समोर खाली टाकली.

"बघा," ती म्हणाली. "हे मामंजींचं आढं. पुढच्या पावसात रूपलच्या अंगावर आलं असतं."

"ते मला सांगू नको. माझी भिंत सोड. पायरीनं ऱ्हा."

"सोडली," मंगला म्हणाली. "भावजी, तुमची भिंत तुमाला. आजपासून माझ्या छपराचं ओझं तिच्यावर नाय. पण या आढ्याखाली चोवीस वर्षं मी ऱ्हायले, इथं माझा नवरा गेला, नि माझी पोर इथं वाढली. आता इथनं मला खाली कोण उतरवतो ते मी बघते."

कुणी पुढे झालं नाही. धर्माजींच्या दारात जमनावहिनी उभ्या होत्या, हातात सूप तसंच. मंगलानं वरूनच विचारलं, "जिवल्यादादा, आढ्याला माझ्या हद्दीत दुसरा खांब देता येईल काय?"

जिवल्यानं मान वर करून बराच वेळ बघितलं. मग उठून आत गेला, पावलांनी जमीन मोजली आणि बाहेर येऊन म्हणाला, "येईल. सडका शेंडा कापू. भिंतीपासून दीड हात आत खांब उभा करू. सरावलीचा हाय ना, तोच. पण खोलीच्या मधे येईल, बाय."

"येऊदे."

खाली खड्डा खणून दगड बसवला, त्यावर खांब उभा केला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आढं त्याच्यावर आलं. भिंतीतलं भोक मंगलानं स्वतः विटा लावून बुजवलं आणि वर गुळगुळीत प्लास्टर केलं, दोन्ही बाजूंनी. तिच्या बाजूनं आणि धर्माजींच्याही बाजूनं, त्यांच्या गच्चीला शिडी लावून. धर्माजींनी आतून बघितलं. या वेळी अडवलं नाही.

गाद्या अंथरायचा दिवस तिनं रविवारचा ठेवला होता. जिवल्याला वुलचं काम येत नव्हतं, आणि फळ्यांवर चालत चव्वेचाळीस गाद्या एकमेकींना तारेनं शिवणं एकटीचं काम नव्हतं. सकाळी आठला टमटममधून शेडमधल्या चौघी उतरल्या. भावना, मेघाली आणि आणखी दोघी. डोक्यावर पिवळी हेल्मेटं, साडीवर शर्ट, कमरेला सेफ्टी बेल्ट. आमच्या आळीनं असं कधी बघितलं नव्हतं. देवळातून परतणारे एक म्हातारे थांबले आणि म्हणाले, "बायकांनी छपरावर चढू नये. गावाला बाधतं."

मेघाली चोवीस वर्षांची, तोंडाला फडकं बांधत होती. "आजोबा," ती म्हणाली, "आमी चाळीस फुटांवर टाकीला गाद्या बांधतो. तुमच्या गावाला आजून काय झालं नाय ना?"

म्हातारे पुटपुटत गेले. चौघी आणि मंगला वर चढायला निघाल्या. आतापर्यंत खाली उभी राहून कौलं उतरवून घेणारी ठकी हे बघत होती. तिनं जिवल्याकडे बघितलंसुद्धा नाही. भावनाला म्हणाली, "मानाबी एक टोपी दे." भावनानं आपलं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर ठेवलं. जिवल्या एवढा हसला की त्याला खोकला आला.

मग गाद्या एकामागून एक वर जायला लागल्या. दोरीनं ओढायची, फळीवर बसवायची, शेजारच्या गादीला टाके घालायचे. दोरी ठकीच्या हातात होती, आणि त्या पाच जणींचे हात एका लयीत चालत होते, बोलायचीही गरज पडत नव्हती. दुपारपर्यंत मागचं पाखं झाकलं आणि त्यावर फॉइल पसरलं. ते उन्हात असं लखलखलं की रस्त्यावरून जाणाऱ्या बसमधली माणसं खिडकीतून वाकून बघत होती. पोरांना वाटलं मंगलाकाकीनं घराला चांदी लावली.

संध्याकाळपर्यंत पुढचंही झालं, पण कौलं चढवायला हात कमी पडले. अंगणापासून शिडीपर्यंत आणि शिडीवरून वर अशी माणसांची साखळी लागते. मी माझ्या ओटीवर उभी होते. धर्माजी त्यांच्या खिडकीत होते. माझ्या दोन्ही मुलांच्या लग्नात त्यांनी पुढे होऊन सगळं केलं होतं. त्यांच्या देखत या साखळीत उभं राहणं मला सोपं नव्हतं. मी पदर खोचला आणि गेले. माझ्यामागून कोपऱ्यावरची किराणावाली आली, मग रूपलच्या दोन मैत्रिणी, आणि मग गुडघा दुखणारा तो सुतार. त्यानं शिडीच्या तळाशी जागा धरली.

तेराव्या दिवशी शेवटचे कोन, म्हणजे आढ्यावरची दुमडलेली कौलं, बसली. जिवल्या आणि ठकी आणखी दोन दिवस राहून वळचणीच्या जाळ्या ठोकून गेले.

एप्रिल आला. मंगलानं पुन्हा गन आणली आणि भर दुपारी स्वयंपाकघरात मला उभं केलं. तेहतीस. मला आकड्यातलं फार कळत नाही, पण तिथं उभं राहून मी भाकऱ्या थापल्या आणि माझ्या मानेवरून घाम ओघळला नाही, एवढं मला कळलं. खांब मधे येतो, रोज कुणाचा तरी खांदा त्याला आपटतो. मंगलानं त्याला एक खिळा ठोकून त्यावर पिशव्या अडकवायला सुरुवात केली.

त्याच महिन्यात एका दुपारी जमनावहिनी चटई आणि उशी घेऊन मंगलाच्या दारात आल्या. साठ ओलांडलेल्या, रक्तदाब असलेल्या बाई. स्लॅबखाली त्यांना दुपारी डोळा लागत नव्हता. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "मंगला, मी त्यांना विचारून आले नाय."

"माझ्याकडे यायला कुणाला विचारायला नाय लागत, वयनी. पडा त्या कोपऱ्यात, वारा येतो."

तासाभरानं भिंतीपलीकडून धर्माजींचा आवाज आला. "जमना! चहा!"

जमनावहिनी कुशीवर वळल्या आणि पडल्या पडल्याच ओरडल्या, "ऊन उतरलं की येते!" चाळीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला असं उत्तर दिलेलं आळीनं ऐकलं नव्हतं. मंगला भाजी निवडत होती, तिनं मान वर केली नाही, पण तिचे खांदे हसण्यानं हलत होते. तेव्हापासून त्या रोज येतात. धर्माजी अजून मंगलाशी बोलत नाहीत. मी एकदा तिला म्हटलं, एवढं झालं, आता तू जाऊन बोल की. ती म्हणाली, "मी काय चुकले ते सांग, जाते." 

रूपलला बघायला दोन स्थळं येऊन गेली. एक कौलांवरून काहीतरी बोललं. रूपलनंच त्यांना चहा झाल्यावर दार दाखवलं. दुसऱ्याचं अजून चाललं आहे.

यंदाच्या जानेवारीत शिरगावहून एक निरोप आला. तिथल्या एका वाडीवाल्या बाईंचं जुनं कौलारू घर, मुलगा स्लॅब टाक म्हणून मागे लागलेला आणि बाईंना तो नको. त्यांनी मंगलाच्या घराबद्दल कुणाकडून तरी ऐकलं होतं. मंगलानं शेडमधून दहा दिवसांची रजा टाकली. जिवल्या आणि ठकी याही वर्षी वसईला गेली नाहीत. मीही एक दिवस डबा घेऊन गेले होते. बाईंचा मुलगा अंगणात उभा राहून वर-खाली बघत होता. त्यानं मंगलाला विचारलं, "यात मुख्य मिस्त्री कोण?"

"लाकडाचं जिवल्यादादा सांगतील तसं मी करते," मंगला हातमोजे चढवत म्हणाली. "उन्हाचं मी सांगते तसं ते. नि तुमी जरा त्या शिडीपासून बाजूला व्हा, गादी वर चाललीय."

तो बाजूला झाला. वर ठकी हात पुढे करून गादीची वाट बघत होती.